पत्त्यांची वही

जुन्या दुकानदाराकडे दोन वह्या असत. एक उधारीची, दुसरी पत्त्यांची. उधारीच्या वहीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पत्त्यांच्या वहीकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. कुठल्या गावचा कोण, काय घेतो, कुठल्या सणाला घेतो, मागच्या वेळी माल पसंत पडला की नाही, अशा नोंदी तिच्यात असत. दुकान जळाले किंवा भागीदारी फुटली तरी ही वही हाताशी असली की धंदा पुन्हा उभा राहत असे. आज संगणकावर हीच वही ठेवून, तिच्यातल्या माणसांना नियमित पत्रे पाठवून धंदा वाढवण्याला 'ई-मेल मार्केटिंग' म्हणतात. नाव नवे आहे. कल्पना आपल्याकडे पोस्टाइतकी जुनी आहे. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि आपल्या भागातल्या लहान धंद्यांना त्यातून काय घेता येईल ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गिऱ्हाईक रस्त्याने येत होते तेव्हा

हा विषय कारापूरच्या स्मरणिकेत कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण आपल्याच तालुक्यात आहे. वाळवंटीच्या अलीकडे आपले विठ्ठलापूर आणि पलीकडे साखळीची बाजारपेठ. डिचोली तालुक्यातील कितीतरी घरांचा संसार अनेक दशके खनिजावर चालला. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, टायरवाले, चहा-भजीचे हॉटेल चालवणारे, या सर्वांचे गिऱ्हाईक रस्त्यानेच येत असे. त्याला शोधायला जावे लागत नव्हते, त्याचा पत्ता लिहून ठेवण्याची गरज पडत नव्हती.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये काही अटींवर, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून, परवानगी मिळाली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ पासून काही गटांचे लिलाव झाले हे खरे, पण मधल्या दहा वर्षांत जे व्हायचे ते होऊन गेले. ट्रक विकले गेले, कर्जे थकली, आणि पुष्कळ घरांनी दुसरी वाट धरली. कुणी काजू भाजून विकू लागले, कुणी सोलं आणि आगळ, कुणी नेवऱ्या-लाडू, कुणी मसाले, कुणी पाहुण्यांसाठी घरातल्या दोन खोल्या सजवल्या.

या सगळ्या धंद्यांचे गिऱ्हाईक कारापूर-तिस्कावरून जाणारा ट्रकवाला नाही. ते पणजीत आहे, मुंबई-पुण्यात आहे, आखातात आहे. ते चवथीला चार दिवस येते आणि निघून जाते. त्याच्याशी उरलेले तीनशेसाठ दिवस नाते कसे ठेवायचे, हा आजचा प्रश्न आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी उद्योजकांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे.

पोस्टमन हा पहिला जामीनदार

१८५४ च्या पोस्ट कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात एक मोठी गोष्ट केली. पत्राचे टपालखर्च अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागले. हलके पत्र अर्ध्या आण्यात मुंबईहून पुण्याला जाई आणि तेवढ्यातच कलकत्त्यालाही. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि गरिबालाही पत्र परवडू लागले. १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली. पण व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची योजना त्याआधी, १८७७ मध्ये, आली होती. ती म्हणजे 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट', आपली 'व्ही.पी.'

व्ही.पी.ची युक्ती साधी होती. मुंबईच्या व्यापाऱ्याने पार्सल पोस्टात द्यायचे. ते रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाच्या दारी जायचे. गिऱ्हाइकाने पोस्टमनच्या हाती पैसे मोजले की पार्सल त्याचे, आणि पैसे पोस्टामार्फत व्यापाऱ्याला. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये विश्वासाची जी अडचण होती ती पोस्टाने आपल्या अंगावर घेतली. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे, शिवणयंत्राचे सुटे भाग खेड्यापाड्यांत पोचण्याचा रस्ता खुला झाला. 'व्ही.पी.ने मागवा' ही ओळ मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींत रुळली आणि 'व्ही.पी. सोडवून घेणे' हा वाक्प्रयोग घरात आला.

व्ही.पी.ला एक दुखणेही होते. गिऱ्हाइकाने घेण्यास नकार दिला की पार्सल परत येई आणि जाण्या-येण्याचा खर्च व्यापाऱ्याच्या बोकांडी बसे. म्हणून शहाणा व्यापारी पत्त्यांच्या वहीत खूण करून ठेवी: हा सोडवून घेतो, हा परत पाठवतो. वही नुसती लांब असून भागत नाही, ती खरी असावी लागते, हा धडा व्यापाऱ्यांनी तेव्हाच गिरवला. आज घरपोच माल पाठवून दारात रोख घेणाऱ्या लहान विक्रेत्याला हे दुखणे नव्याने सांगावे लागणार नाही.

याच काळात अमेरिकेतही असेच काही घडत होते. १८७२ मध्ये शिकागोच्या आरन मॉन्टगोमेरी वॉर्ड याने १६३ वस्तूंची एकपानी यादी छापून शेतकऱ्यांना टपालाने पाठवली. खेड्यातल्या एकुलत्या एक दुकानदाराच्या मनमानी भावाला कंटाळलेल्या लोकांना ती आवडली. पुढे, माल न आवडल्यास पैसे परत, असे आश्वासन त्याने दिले आणि त्या एका पानाचा शेकडो पानांचा ग्रंथ झाला.

आपल्या भागाची गोष्ट मात्र थोडी निराळी. डिचोली, पेडणे, सत्तरी हा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली होता. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची टपाल तिकिटे १८७१ मध्ये निघाली. म्हणजे मुंबईच्या जाहिरातदाराच्या लेखी सावंतवाडीचा पत्ता देशातला आणि डोंगरापलीकडच्या साखळीचा पत्ता परक्या राज्यातला. भाषा एक, देवधर्म एक, सोयरीक एक. पण मधे जकात चौकी. पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने निर्बंध वाढवले आणि १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी कडक झाली, तेव्हा ही भिंत आणखी उंच झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, चौक्या उठल्या, आणि पुढे १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर पिनकोड आला तेव्हा गोव्याच्या गावांना ४०३ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक मिळाला. मराठी व्यापाराच्या पत्त्यांच्या वहीत आपले गाव खऱ्या अर्थाने तेव्हा चढले.

'किर्लोस्कर खबर'

गिऱ्हाइकाला नियमित पत्र पाठवून धंदा वाढवण्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण आपल्यापासून फार दूरचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत शिक्षकी सोडून त्यांनी बंधू रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवायला घेतला. नांगर उत्तम होता, पण तो विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला असणे आणि तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला पटणे, यांत किती अंतर असते ते किर्लोस्करांना तिथे कळले.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाचा आणि सापांचा तो माळ. रस्त्याने जाणारे गिऱ्हाईक तिथे कुठले? नांगर घेणारा शेतकरी खानदेशात, वऱ्हाडात, कर्नाटकात पसरलेला. त्याच्यापर्यंत पोचायचे तर पोस्टानेच.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्याकडे कारखान्याच्या जाहिरातीचे काम होते. चित्रकला जाणणारा, लेखणी चालवणारा हा माणूस. त्यांनी जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटेसे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची, तिथल्या मालाची आणि वाडीतल्या जीवनाची खबर गिऱ्हाइकांना, एजंटांना व हितचिंतकांना द्यावी, हा मूळ हेतू. नावातच तो आहे.

आता शंकररावांना एक सोपा मार्ग उघडा होता. दर अंकात नांगराची किंमत, पंपाची किंमत, चरकाची किंमत छापायची आणि शेवटी 'त्वरा करा' म्हणायचे. असे अंक दोन-तीन निघाले असते आणि शेतकऱ्याने ते विडीला आग लावायला वापरले असते. शंकररावांनी वेगळे केले. वाचणाऱ्याला घरात ठेवावेसे वाटेल असे काहीतरी अंकात घालायला सुरुवात केली. उद्योगाच्या गोष्टी, स्वावलंबनाचे लेख, पुढे कथा, सामाजिक प्रश्न. 'खबर' वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये त्याला 'स्त्री'ची आणि १९३४ मध्ये 'मनोहर'ची जोड मिळाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख 'किर्लोस्कर'मधून आले. तिघांच्या आद्याक्षरांचे 'किस्त्रीम' हे दिवाळी अंकाचे नाव आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

एका कारखान्याच्या खबरपत्रातून मराठी समाजाचे विचारपत्र झाले, हे साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. व्यापाराच्या इतिहासात त्याची जी नोंद हवी ती अशी: शंकररावांनी वाचकाच्या वेळेची किंमत आधी चुकती केली आणि मग मालाचा विषय काढला. मासिक घरात येते म्हणून 'किर्लोस्कर' हे नाव घरातले झाले. ज्या घराने कधी नांगर पाहिला नाही त्या घरातही त्या नावाबद्दल आदर होता. हा आदर नुसत्या जाहिरातीने विकत घेता आला नसता.

याच पठडीतले एक साधे उदाहरण आपल्या भिंतीवर असते. दुकानदार नवीन वर्षाला दिनदर्शिका देतो, तिच्या खाली त्याचे नाव असते. तिथी, एकादशी, संकष्टी पाहण्यासाठी घरातली बाई दिवसातून दोनदा तिच्याकडे पाहते आणि दुकानाचे नाव वर्षभर डोळ्यांपुढे राहते. उपयोग गिऱ्हाइकाचा, आठवण दुकानदाराची.

चारशे पत्त्यांचा गोंधळ

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घातले. ई-मेलचा पत्ता तेव्हापासून तसाच आहे. त्या काळी 'अर्पानेट' या जाळ्यावर मोजकेच लोक होते, बहुतेक संशोधक. त्यांच्या पत्त्यांची छापील डिरेक्टरीही होती.

३ मे १९७८ रोजी संगणक बनवणाऱ्या एका कंपनीचा विक्री अधिकारी गॅरी थर्क याने त्या डिरेक्टरीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे चारशे पत्ते काढले आणि आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी सर्वांना धाडले. पत्ते इतके होते की त्यासाठी ठेवलेली जागा पुरली नाही आणि उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरात उतरले. पत्र मिळालेल्यांपैकी अनेकजण संतापले, तक्रारी झाल्या, जाळ्याच्या व्यवस्थापकांनी समज दिली. थर्क स्वतः मात्र पुढे सांगत असे की या पत्रामुळे कोट्यवधी डॉलरची विक्री झाली. न मागता आलेल्या व्यापारी ई-मेलचा तो पहिला नमुना मानतात.

या प्रसंगात पुढच्या पन्नास वर्षांचे भांडण बीजरूपाने आहे. पोस्टकार्ड पाठवायला पाव आणा लागे. तो वाया जाऊ नये म्हणून व्यापारी विचार करून पत्ता निवडी. ई-मेलला पाव आणाही लागत नाही. मग चारशेच काय, चार लाखांना पाठवले तरी खिशाला झळ नाही. खर्च सगळा वाचणाऱ्याच्या वेळेचा. फुकटपणाने पत्राची किंमत उतरवली आणि जगभरच्या टपालपेट्या कचऱ्याने भरल्या.

त्याच फुकटपणाचा शहाणा उपयोगही झाला. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 'हॉटमेल' सुरू केले. कुणीही पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक लहानशी ओळ असे: तुम्हालाही फुकट ई-मेल हवा असल्यास इथे या. पत्र मित्राचे, ओळ हॉटमेलची. ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळे लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. दीड वर्षाच्या आत सेवेचे सदस्य कोटीच्या घरात गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून, कर्कश आवाज करीत जोडणी होई आणि मिनिटामिनिटाचा हिशोब असे. त्यातही आपल्या भाषेची अडचण होती. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले होते, पण प्रत्येक फाँटची तऱ्हा वेगळी. एकाने मराठीत लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन आणि चिन्हांची रांगोळी होऊन उघडे. त्यामुळे व्यापारी पत्रे इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांतल्या मराठीत जात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, पण ते घरोघरच्या संगणकांत आणि मग मोबाइलमध्ये उतरायला पुढची पंधरा-वीस वर्षे लागली. आज कारापुरातून मराठीत लिहिलेले पत्र मस्कतमध्ये जसेच्या तसे उघडते. ही सोय आपल्या आधीच्या पिढीला नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे.

परवानगीचा कायदा

कचरा वाढला तसे कायदे आले. अमेरिकेने २००३ मध्ये केला, युरोपचा कडक नियम मे २०१८ पासून लागू झाला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. त्यातले एक तत्त्व लहान दुकानदारानेही पाठ करून ठेवावे: माणसाची माहिती त्याच्या संमतीने, सांगितलेल्या कामापुरती वापरायची, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

कायद्याबरोबर टपालपेटी देणाऱ्या कंपन्यांनीही पहारा बसवला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तीन अटी घातल्या. पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करावी, एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय द्यावी, आणि कचरा म्हणून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण हजारात तिनाच्या खाली ठेवावे. आपल्या काजूवाल्याला दिवसाला पाच हजार पत्रे पाठवायची नाहीत, हे उघड आहे. पण पहारेकऱ्याची नजर लहानांवरही असते. विकत आणलेल्या यादीवर एकदा पत्रे सोडली आणि दहा-वीस जणांनी तक्रार केली, की पुढचे खरे पत्रही कचऱ्यात जाऊन पडते. व्ही.पी. परत आली तर पार्सल तरी हातात येत होते. इथे नाव जाते.

कारापुरात हे कसे व्हावे

समजा, आपल्याकडच्या एका घरात काजू, सोलं आणि चवथीच्या दिवसांत नेवऱ्या तयार होतात. नवराबायको आणि सासू, तिघांचा धंदा. त्यांनी काय करावे?

पहिले काम वहीचे. चवथीला, शिगम्याला, चैत्री उत्सवाला माल घेणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे: 'पुढच्या हंगामात माल तयार झाला की कळवू का? चालत असेल तर ई-मेल लिहून द्या.' जो देईल त्याचाच पत्ता घ्यायचा. नावापुढे तीन गोष्टी टिपायच्या: कुठे राहतो, काय घेतले, केव्हा घेतले. पहिल्या वर्षी असे साठ पत्ते मिळाले तरी पुष्कळ. दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेवरून, सोसायटीच्या फलकावरून किंवा मित्राच्या फोनमधून उचललेले सहाशे पत्ते या साठांची बरोबरी करणार नाहीत.

दुसरे काम पत्राचे. वर्षाला सहा-सात पत्रे पुरतात, पण त्यांना वेळ असावी. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या हंगामाचे, मे अखेरीला सोलं वाळली की एक, चवथीच्या तीन आठवडे आधी एक, दिवाळीआधी एक. पत्रात विक्रीची बाब शेवटी. आधी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीतरी: यंदा पाऊस लवकर आल्याने सोलं नीट वाळवायला काय करावे लागले, भाजलेला काजू मऊ पडू नये म्हणून कसा ठेवावा, जुने आणि नवे सोल ओळखायचे कसे, सोलकढीला आगळ वापरायचे तर प्रमाण किती. मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसाला गावच्या माटोळीला यंदा काय-काय बांधले त्याचा एक फोटो पाठवा. तो पत्र उघडल्याशिवाय राहणार नाही. शंकररावांची 'खबर' याच वाटेने गेली होती.

तिसरे काम शिस्तीचे. साठ जणांना एकदम पत्र पाठवताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसू देऊ नयेत. पत्ते लपवून पाठवण्याची सोय प्रत्येक ई-मेलमध्ये असते, ती 'बीसीसी'ची चौकट वापरावी. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशे जणांपर्यंतच पत्रे जातात, तेवढी सुरुवातीला भरपूर आहेत. पुढे वाढ झाली तर यादी सांभाळणाऱ्या सेवा आहेत. प्रत्येक पत्राखाली आपले नाव, गाव, फोन आणि एक ओळ: 'पत्र नको असल्यास नको असे उलट कळवा, नाव काढू.' आणि कुणी कळवले तर त्याच दिवशी काढावे, न रागावता. जो आज नको म्हणतो तो पुढच्या चवथीला दारात येऊ शकतो. ज्याला नाव काढू दिले नाही तो येणार नाही.

आता कुणी म्हणेल, हल्ली ई-मेल वाचतो कोण? व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत काम होते. बरोबर आहे. साखळीच्या गिऱ्हाइकाला 'नेवऱ्या झाल्या, या' हे व्हॉट्सॲपवरच सांगावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटणाऱ्याला तर तेही नको. पण दोन ठिकाणी ई-मेल उपयोगी पडतो. एक, दूरच्या गिऱ्हाइकाला भाव, वजन, पाठवणीचा खर्च असे सविस्तर कळवायचे असते आणि त्याला ते सहा महिन्यांनी पुन्हा शोधायचे असते. दुसरे कारण अधिक मोलाचे. समाजमाध्यमावरचे आपले पान ही भाड्याची जागा आहे. मालकाने नियम बदलले, कुणी खाते पळवले, तर हजार अनुयायी एका रात्रीत नाहीसे होतात आणि त्यांतल्या एकाचाही पत्ता आपल्याजवळ नसतो. ई-मेलची यादी आपल्या वहीत लिहून ठेवता येते. कंपनी बदलली तरी यादी आपल्याबरोबर येते.

खाणीच्या अनुभवानंतर हे आपल्या तालुक्याला वेगळे समजावून सांगायला नको. अनेकांचे पोट ज्या एका आधारावर चालत होते, तो त्यांच्या हातातला नव्हता. कोर्टाचा एक निकाल आला आणि रस्ता रिकामा झाला. नव्या धंद्यात तरी गिऱ्हाइकापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात ठेवू नये.

स्मरणिकेची पाने

हातातल्या स्मरणिकेकडेच पाहा. मागच्या पानांवर आपल्या भागातल्या दुकानदारांच्या जाहिराती आहेत. कुणी अर्धे पान, कुणी पाव पान. मंडळाला त्यांचा आधार आहे आणि देणाऱ्याच्या मनात श्रद्धा आहे, हिशोब नाही. तरीही एक गोष्ट खटकते. 'गणेशभक्तांना हार्दिक शुभेच्छा' यापुढे बहुतेक जाहिरातींत काहीच नसते. ही स्मरणिका चवथीला आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून मुंबईला जाते, तिथे महिनाभर टेबलावर असते. वाचणाऱ्याला काजू हवे झाले तर त्याने लिहावे कुठे?

पुढच्या वर्षी जाहिरात देताना शुभेच्छांच्या खाली एक ई-मेल पत्ता आणि एक ओळ घालावी: 'हंगामाची खबर हवी असल्यास आम्हाला लिहा.' मंडळानेही आपल्या वर्गणीदारांच्या बाबतीत तेच करावे. पावतीपुस्तकावर पत्ता लिहून घेताना विचारावे, आणि जो हो म्हणेल त्याला उत्सवानंतर जमाखर्च व कार्यक्रमाचा वृत्तांत धाडावा. वर्गणी मागायला वर्षातून एकदा येणारे मंडळ आणि मधे दोनदा कुशल कळवणारे मंडळ यांच्यात वर्गणीदार फरक करतो, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहेच.

दिवाळीला आपल्याकडे वहीपूजन होते. यंदा हिशोबाच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवावी. तिच्यात ज्यांनी आपणहून पत्ता दिला त्यांचीच नावे असावीत, मग ती दहा का असेनात.